पायथनमधील डेस्कटॉप प्रोग्रॅमची स्वतंत्र एक्झिक्युटेबल तयार करताना

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर सुरळीत चालतो, तेव्हा त्याच्यामागे कितीतरी गोष्टी न बोलता काम करत असतात: पायथनचा इंटरप्रिटर, पिप वापरून वेळोवेळी बसवलेल्या लायब्रऱ्या, त्या लायब्रऱ्यांच्या पोटातील सी किंवा सी++ मधून कंपाइल केलेल्या फाइली, प्रोग्रॅमची चित्रे आणि फॉन्ट, आणि आपण टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उघडतो तो फोल्डरसुद्धा. ज्याच्या हाती हा प्रोग्रॅम द्यायचा आहे त्याच्याकडे यांतले काहीच नसते, आणि त्याने ते बसवून घ्यावे अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. त्याला एक आयकॉन हवा असतो, ज्यावर दोनदा क्लिक केले की काम सुरू व्हावे. हे कसे साधायचे ते एका लहान उदाहरणाच्या आधाराने सांगतो. उदाहरणातील प्रोग्रॅमचे नाव ‘नोंदवही’ आहे असे धरू. तो पायसाइड६ (खिडक्या व बटणे दाखवणारी क्यूटी ही लायब्ररी पायथनमधून वापरू देणारे पॅकेज) वापरून खिडकी दाखवतो, काही आयकॉन वापरतो, छपाईसाठी एक नमुना-फाइल वाचतो आणि नोंदी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. आज्ञा आणि पर्याय येथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते त्यांच्या मूळ रोमन अक्षरांतच टाइप करावेत.

एक्झिक्युटेबलच्या आत काय असते

एक्झिक्युटेबल तयार करणे म्हणजे पायथनच्या कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणे, असा समज सर्रास आढळतो. या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे पायइन्स्टॉलर, आणि ते असे काहीही करत नाही. सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो पुढे असतो. त्याच्या मागे पायथनची स्वतःची शेअर्ड लायब्ररी, आपल्या आणि इतरांच्या मॉड्यूलांचा बाइटकोड (इंटरप्रिटर चालवतो ते कोडचे मधले रूप), लागणाऱ्या बायनरी लायब्रऱ्या आणि डेटा-फाइली असे गाठोडे असते. वापरणाऱ्याने आयकॉनवर क्लिक केले की बूटलोडर या गाठोड्यातून इंटरप्रिटर उभा करतो आणि मग आपला कोड नेहमीसारखाच चालतो. म्हणून एक्झिक्युटेबल केल्याने प्रोग्रॅमचा वेग वाढत नाही, आणि तशी आशा धरून या कामाला लागू नये.

ही रचना एकदा समजली की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. गाठोड्यात भरलेला इंटरप्रिटर आणि बायनरी लायब्रऱ्या ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या असतात, तिच्यावरच तो प्रोग्रॅम चालतो. विंडोजसाठीची बांधणी विंडोजवर, मॅकसाठीची मॅकवर आणि लिनक्ससाठीची लिनक्सवरच करावी लागते. तसेच, बांधणीनंतर येणारे बहुतेक दोष ‘सापडले नाही’ या एकाच जातीचे असतात. एखादे मॉड्यूल सापडत नाही, एखादी फाइल सापडत नाही, किंवा एखादी बायनरी लायब्ररी सापडत नाही. दोष दिसला की ‘प्रोग्रॅम ही वस्तू नेमकी कोठे शोधतो आहे, आणि ती तेथे आहे का’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. हा प्रश्न न विचारता पर्यायांमागून पर्याय जोडत गेल्यास दिवस जातो आणि दोष तेथेच राहतो.

पायइन्स्टॉलरखेरीज इतर साधनेही आहेत. सीएक्स_फ्रीझ याच पद्धतीने काम करते. पायटूईएक्सई केवळ विंडोजसाठी आणि पायटूॲप केवळ मॅकसाठी आहे. बीवेअर प्रकल्पातील ब्रीफकेस थेट त्या त्या सिस्टिमला साजेसा इन्स्टॉलर घडवते. नुइटका मात्र वेगळ्या वाटेने जाते: ते पायथनचा कोड सी मध्ये उतरवून कंपाइल करते, त्यामुळे बांधणीला बराच अधिक वेळ लागतो, पण काही प्रोग्रॅम त्याने खरोखर वेगवान होतात. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने पायइन्स्टॉलरपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण प्रचलित लायब्रऱ्यांच्या खाचाखोचा त्याला आधीच ठाऊक असतात आणि कोठे अडल्यास उत्तर मिळण्याची शक्यताही तेथे अधिक असते.

कोऱ्या वातावरणापासून सुरुवात

रोजच्या वापरातील पायथनमधून बांधणी करू नये. त्यात प्रयोगासाठी बसवलेल्या अनेक लायब्रऱ्या पडून असतात, आणि आपल्या कोडने ज्या लायब्ररीला हात लावला ती दुसऱ्या एखाद्या लायब्ररीला ऐच्छिक म्हणून हाक मारत असेल, तर ती दुसरीही गाठोड्यात येऊन बसते. साध्या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नमपाय आणि मॅटप्लॉटलिब शिरलेले मी पाहिले आहे. त्याऐवजी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट (स्वतःच्या वेगळ्या लायब्रऱ्या असलेले पायथनचे वातावरण) करून त्यात केवळ आवश्यक तेवढेच बसवावे:

पायथन -एम व्हेन्व्ह बांधणीघर
पिप इन्स्टॉल पायसाइड६ पायइन्स्टॉलर

पहिल्या आज्ञेनंतर ते एन्व्हायरन्मेंट सक्रिय करूनच दुसरी आज्ञा द्यावी. मग नोंदवही याच वातावरणात एकदा नेहमीच्या पद्धतीने चालवून पाहावी. येथे ती चालली नाही, तर गाठोड्यातही चालणार नाही. हा दोष या टप्प्यावर दोन मिनिटांत सापडतो, पुढे सापडायला तासभर लागतो. क्यूटीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. पायक्यूटी आणि पायसाइड ही दोन्ही क्यूटीचीच पॅकेजेस असल्याने ती एकाच वातावरणात ठेवू नयेत; दोन्ही गाठोड्यात शिरू लागल्यास पायइन्स्टॉलरच्या अलीकडच्या आवृत्त्या बांधणीच थांबवतात.

पायथनची आवृत्ती निवडताना वापरणाऱ्याच्या संगणकाचा विचार करावा. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधार काढून घेण्यात आला आहे, त्यामुळे तशी जुनी यंत्रे अजून वापरात असतील तर ३.८ च्या पुढे जाता येत नाही. लिनक्सवर हीच अडचण जीलिबसीच्या, म्हणजे जवळपास सर्व प्रोग्रॅम ज्यावर अवलंबून असतात त्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या, रूपाने येते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, पण नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असे नाही. म्हणून लिनक्ससाठी बांधणी करताना, आपण ज्या सर्वांत जुन्या वितरणाला आधार देणार आहोत, त्यावरच ती करावी. त्यासाठी व्हर्च्युअल मशिन किंवा कंटेनर पुरेसा होतो.

पहिली बांधणी

पहिली बांधणी फोल्डरच्या स्वरूपात आणि कन्सोलची खिडकी चालू ठेवून करावी. एकच सुटसुटीत फाइल करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, परंतु ते शेवटचे पाऊल आहे. फोल्डर उघडून आत काय आले आणि काय राहिले हे डोळ्यांनी पाहता येते, आणि कन्सोल असल्यामुळे प्रोग्रॅम कोसळला तरी त्याचा शेवटचा संदेश वाचता येतो.

पायइन्स्टॉलर --नेम नोंदवही मेन.पाय

ही आज्ञा संपल्यावर तीन गोष्टी दिसतात. ‘बिल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये मधल्या टप्प्यांचे साहित्य असते, ‘डिस्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये तयार प्रोग्रॅम असतो, आणि शेजारी ‘नोंदवही.स्पेक’ ही फाइल असते. पायइन्स्टॉलर ६ पासून ‘डिस्ट’मधील रचना नीटनेटकी झाली आहे: वर केवळ एक्झिक्युटेबल असते आणि बाकी सारे ‘_इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरमध्ये जाते. वापरणाऱ्याला एक्झिक्युटेबल एकटीच उचलून देऊ नये. ती ‘_इंटर्नल’शिवाय निरुपयोगी असते, आणि ही चूक नवशिक्यांकडून फार वेळा होते.

आता टर्मिनल उघडून, त्यातूनच, ही एक्झिक्युटेबल चालवावी. आयकॉनवर क्लिक केल्यास कोसळलेल्या प्रोग्रॅमची खिडकी क्षणात मिटते आणि वाचण्यासारखे काही उरत नाही.

मॉड्यूल सापडत नाही

पायइन्स्टॉलर आपला कोड चालवून पाहत नाही. तो बाइटकोड वाचतो, त्यातील इम्पोर्टची विधाने शोधतो, त्या मॉड्यूलांतील इम्पोर्ट शोधतो, आणि असे करत संपूर्ण साखळी गोळा करतो. जे नाव प्रोग्रॅम चालू असताना तयार होते ते त्याला दिसू शकत नाही. नोंदवहीमध्ये निर्यातीचे प्रकार वेगवेगळ्या मॉड्यूलांत असून ते इम्पोर्टलिब वापरून नावावरून लोड केले जात असतील, तर त्यांतले एकही मॉड्यूल गाठोड्यात येणार नाही, आणि प्रोग्रॅम सुरू होऊन ‘निर्यात’ हे बटण दाबल्यावरच ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असा दोष येईल. अशा मॉड्यूलांची नावे आपणच सांगावी लागतात:

--हिडन-इम्पोर्ट निर्यात.सारणी

एखाद्या पॅकेजमधील सगळीच उपमॉड्यूले हवी असतील तर ‘--कलेक्ट-सबमॉड्यूल्स’ हा पर्याय आहे, आणि त्या पॅकेजच्या डेटा-फाइली व बायनरी लायब्रऱ्याही हव्या असतील तर ‘--कलेक्ट-ऑल’. शेवटचा पर्याय दिसायला सोयीचा असला तरी तो गाठोडे अकारण फुगवतो. नेमके काय हवे आहे हे कळेपर्यंत तात्पुरता वापरावा आणि मग काढून टाकावा.

काय राहिले हे कळण्यासाठी ‘बिल्ड’मधील ‘वॉर्न’ने सुरू होणारी मजकुराची फाइल वाचावी. तिच्यात न सापडलेल्या मॉड्यूलांची यादी असते. ती यादी लांबलचक असते आणि तिने घाबरून जाऊ नये, कारण दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी असलेली किंवा ऐच्छिक मॉड्यूलेही तिच्यात येतात. आपल्या ओळखीचे नाव तिच्यात आहे का, एवढेच पाहावे.

प्रचलित लायब्रऱ्यांसाठी हे सारे ज्ञान ‘हुक’ नावाच्या छोट्या फाइलींत आधीच साठवलेले असते, आणि इतरांनी लिहिलेले हुक ‘पायइन्स्टॉलर-हुक्स-कॉन्ट्रिब’ या स्वतंत्र पॅकेजमध्ये असतात. एखादी लायब्ररी नव्या आवृत्तीनंतर अचानक बिघडली, तर सर्वप्रथम हे पॅकेज अद्ययावत करून पाहावे.

फाइल सापडत नाही

हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण येथील चूक बांधणीची नसून मुळात कोडमध्ये असते आणि ती वर्षानुवर्षे झाकलेली राहते. ‘चित्रे/जतन.पीएनजी’ असा सापेक्ष मार्ग कोडमध्ये लिहिला की पायथन ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतो. आपण नेहमी प्रकल्पाच्या फोल्डरमधूनच प्रोग्रॅम चालवतो, म्हणून ती सापडते. वापरणारा डेस्कटॉपवरील शॉर्टकटवरून प्रोग्रॅम सुरू करतो, तेव्हा चालू फोल्डर कोणता असेल याचा काहीच भरवसा नसतो. योग्य उपाय असा, की मार्ग नेहमी कोडच्या फाइलच्या ठिकाणावरून काढावा:

मूळ = पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट
आयकॉन = मूळ / "चित्रे" / "जतन.पीएनजी"

या दोन ओळी साध्या पायथनमध्येही चालतात आणि गाठोड्यातही, कारण गाठोड्यातील मॉड्यूलांसाठी ‘__फाइल__’चे मूल्य गाठोडे जेथे उघडले आहे तेथील मार्ग दाखवते. तोच मार्ग ‘सिस’ मॉड्यूलमधील ‘_एमईआयपास’ या नावानेही मिळतो, आणि प्रोग्रॅम गाठोड्यातून चालतो आहे की नाही हे ‘सिस.फ्रोझन’वरून ओळखता येते. जुन्या लेखनात या दोन्हींची जोडगोळी सर्वत्र आढळते. नव्या कोडमध्ये ‘__फाइल__’ पुरेसे आहे आणि ते अधिक स्वच्छही दिसते.

मार्ग नीट झाल्यावर त्या फाइली गाठोड्यात भरण्याचे सांगावे, कारण पायइन्स्टॉलर आपल्या चित्रांचा शोध स्वतःहून घेत नाही:

--ॲड-डेटा चित्रे:चित्रे --ॲड-डेटा नमुने:नमुने

अपूर्णविरामाच्या डावीकडे आपल्या डिस्कवरील ठिकाण आणि उजवीकडे गाठोड्यातील फोल्डर असतो. उजवीकडे फाइलचे नाव लिहिल्यास त्याच नावाचा फोल्डर तयार होतो आणि फाइल त्याच्या आत जाते. पूर्वी विंडोजवर येथे अर्धविराम लागत असे. आवृत्ती ६ पासून अपूर्णविराम सर्वत्र चालतो. नमुना-फाइल वाचताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचेही कोडमध्ये स्पष्ट लिहावे. ते न लिहिल्यास विंडोजवर पायथन त्या यंत्राच्या मांडणीप्रमाणे एन्कोडिंग निवडतो आणि देवनागरी मजकूर विस्कटतो.

वाचण्याच्या फाइलींचे हे झाले. लिहिण्याच्या फाइलींची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे झालेली चूक मी अजून विसरलेलो नाही. माझ्या सुरुवातीच्या एका प्रोग्रॅममध्ये एसक्यूलाइटचा डेटाबेस मी चित्रांच्याच पद्धतीने, ‘__फाइल__’च्या शेजारी ठेवला होता आणि प्रोग्रॅम एकच फाइल करून दिला होता. अशी एकच फाइल चालू होते तेव्हा तिच्यातील सगळे साहित्य एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडले जाते, आणि प्रोग्रॅम बंद झाला की तो फोल्डर पुसला जातो. वापरणाऱ्याने दिवसभर नोंदी केल्या, सायंकाळी प्रोग्रॅम बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही कोरी होती. कोणताही दोष-संदेश आला नव्हता. नोंदी मात्र कायमच्या गेल्या. माझ्या यंत्रावर हे कधी घडले नव्हते, कारण तेथे ‘__फाइल__’ खऱ्या फोल्डरकडेच बोट दाखवत होते.

प्रोग्रॅम जे काही लिहितो, म्हणजे डेटाबेस, मांडणी आणि लॉग, ते वापरणाऱ्याच्या स्वतःच्या डेटा-फोल्डरमध्येच जावे. विंडोजवर तो ‘ॲपडेटा’च्या खाली, मॅकवर ‘लायब्ररी’मधील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’च्या खाली, तर लिनक्सवर बहुधा घरफोल्डरातील ‘.लोकल/शेअर’च्या खाली असतो. हे मार्ग हाताने लिहिण्याची गरज नाही. ‘प्लॅटफॉर्मडिर्स’ ही लहान लायब्ररी किंवा क्यूटीमधील ‘क्यूस्टँडर्डपाथ्स’ ते काढून देते. फोल्डर-स्वरूपातील बांधणीतसुद्धा हा नियम पाळावा लागतो, कारण प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवला गेला की साध्या वापरकर्त्याला तेथे लिहिण्याची परवानगीच नसते.

स्पेक फाइल

पर्याय वाढत गेले की आज्ञा तीन-चार ओळींची होते आणि कोणता पर्याय का दिला होता हे विसरले जाते. त्या टप्प्यावर ‘नोंदवही.स्पेक’ हीच बांधणीची मूळ फाइल मानावी. ती पायथनमध्येच लिहिलेली असते: ‘ॲनालिसिस’मध्ये गोळा करायच्या मॉड्यूलांची आणि डेटा-फाइलींची यादी, ‘पायझेड’मध्ये बाइटकोडचा संग्रह, ‘ईएक्सई’मध्ये आयकॉन, नाव आणि कन्सोलविषयी निर्णय, आणि फोल्डर-स्वरूप असल्यास ‘कलेक्ट’. ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवावी, प्रत्येक हिडन-इम्पोर्टच्या शेजारी कारण लिहावे, आणि पुढची प्रत्येक बांधणी तिच्यावरूनच करावी:

पायइन्स्टॉलर --क्लीन --नोकन्फर्म नोंदवही.स्पेक

स्पेक फाइल दिल्यावर आज्ञेतील बहुतेक इतर पर्याय लागू होत नाहीत. मेन.पाय देऊन पुन्हा बांधणी केल्यास मात्र हाताने केलेले बदल नव्या स्पेक फाइलखाली पुसले जातात, म्हणून त्या सवयीपासून सांभाळावे.

आकार कमी करायचा असल्यास येथेच ‘एक्सक्लूड्स’मध्ये नको असलेली मॉड्यूले लिहावीत. क्यूटी वापरणाऱ्यांनी वेबइंजिन खरोखर हवे आहे का हे पाहावे. त्याच्यासोबत क्रोमियम ब्राउझरचे संपूर्ण इंजिन येते. यूपीएक्स वापरून बायनरी फाइली दाबण्याची सोयही आहे, परंतु मी ती वापरत नाही, कारण काही लायब्रऱ्या तिने बिघडतात आणि अँटिव्हायरसचा संशयही वाढतो.

कन्सोल बंद करताना

सगळे चालू लागले की ‘--विंडोड’ पर्यायाने, किंवा स्पेकमध्ये ‘कन्सोल’चे मूल्य ‘फॉल्स’ करून, काळी खिडकी घालवावी. हा बदल वरवरचा वाटतो. पण विंडोजवर कन्सोल नसताना ‘सिस.स्टडआउट’ आणि ‘सिस.स्टडएरर’ यांचे मूल्य ‘नन’ होते. ‘प्रिंट’ ते निमूटपणे चालवून घेते, पण एखाद्या लायब्ररीने प्रगतीची पट्टी दाखवण्यासाठी थेट त्यांवर लिहायचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम तेथेच कोसळतो, आणि कन्सोल नसल्याने का कोसळला हेही दिसत नाही. यावर उपाय असा, की प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला ‘लॉगिंग’ मॉड्यूल वापरून डेटा-फोल्डरमध्ये लॉग-फाइल उघडावी आणि ‘सिस.एक्सेप्टहुक’ला असे फंक्शन द्यावे की न पकडलेला प्रत्येक दोष त्या फाइलमध्ये लिहिला जाईल व वापरणाऱ्याला एक समजेल असा संदेश दिसेल. दूरवरच्या यंत्रावर काय घडले हे सांगणारा दुसरा साक्षीदार आपल्याकडे नसतो.

प्रोग्रॅम ‘मल्टिप्रोसेसिंग’ (काम अनेक प्रक्रियांत वाटणारे मॉड्यूल) वापरत असेल, तर मुख्य विभागाच्या पहिल्याच ओळीत ‘मल्टिप्रोसेसिंग.फ्रीझ_सपोर्ट()’ लिहावे. ते विसरल्यास नवी प्रक्रिया सुरू करण्याच्या प्रयत्नात प्रोग्रॅम स्वतःलाच पुन्हा पुन्हा उघडत राहतो, खिडक्यांवर खिडक्या येतात आणि संगणक अडकतो. कारण सोपे आहे: गाठोड्यात ‘सिस.एक्झिक्युटेबल’ पायथनचा इंटरप्रिटर दाखवत नाही, तो आपल्याच एक्झिक्युटेबलकडे निर्देश करतो. ‘सबप्रोसेस’मधून दुसरी पायथन फाइल चालवण्याची युक्तीही याच कारणाने निकामी ठरते, ते काम फंक्शनच्या रूपात प्रोग्रॅमच्या आत आणावे. लिनक्सवर बाहेरचे प्रोग्रॅम चालवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लायब्रऱ्या कोठे शोधाव्यात हे सांगणारे ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे चल बूटलोडर बदलतो, त्यामुळे तो बाहेरचा प्रोग्रॅमही आपल्या गाठोड्यातील लायब्रऱ्या उचलतो. मूळ मूल्य असल्यास ते त्याच नावापुढे ‘_ओरिग’ जोडलेल्या चलात जपलेले असते. ते परत लावून मगच बाहेरचा प्रोग्रॅम चालवावा.

फोल्डर की एकच फाइल

‘--वनफाइल’ दिल्यास सारे गाठोडे एका फाइलमध्ये मिळते. तिची किंमत अशी, की प्रत्येक वेळी सुरू होताना सर्व साहित्य ‘_एमईआय’ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडावे लागते, अँटिव्हायरस त्यातील फाइली पुन्हा तपासतो, आणि प्रोग्रॅम मोठा असल्यास आयकॉनवर क्लिक करूनही काही क्षण काहीच घडत नाही. वापरणारा मग पुन्हा क्लिक करतो. स्प्लॅश चित्र दाखवण्याची सोय आहे, पण ती मॅकवर चालत नाही. प्रोग्रॅम सक्तीने बंद केला गेला, तर तो तात्पुरता फोल्डर पुसलाही जात नाही आणि डिस्कवर असे फोल्डर साचत जातात. छोट्या, क्वचित लागणाऱ्या साधनासाठी एकच फाइल चांगली. रोज उघडल्या जाणाऱ्या नोंदवहीसारख्या प्रोग्रॅमसाठी फोल्डर-स्वरूप घेऊन त्यावर इन्स्टॉलर चढवावा, हे माझे ठाम मत आहे. वापरणाऱ्याला शेवटी एकच फाइल मिळते, ती म्हणजे इन्स्टॉलर, आणि प्रोग्रॅमही चटकन उघडतो.

परक्या यंत्रावर तपासणी

स्वतःच्या यंत्रावर बांधणी तपासल्याने फारच थोडे सिद्ध होते. तेथे पायथन आहे, लायब्रऱ्या आहेत, कंपायलरसोबत आलेल्या बायनरी फाइलीही आहेत, आणि गाठोड्यात जे राहून गेले ते प्रोग्रॅमला बाहेरून मिळू शकते. कधीही पायथन न बसवलेल्या यंत्रावर, किंवा नव्या व्हर्च्युअल मशिनवर, प्रशासकाचे अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने तपासणी करावी. विंडोजच्या प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांत असलेले विंडोज सँडबॉक्स यासाठी उत्तम आहे, कारण ते प्रत्येक वेळी कोरे उघडते आणि बंद करताच सारे विसरते. प्रोग्रॅम अशा फोल्डरमध्येही ठेवून पाहावा, ज्याच्या नावात मोकळी जागा आणि देवनागरी अक्षरे आहेत. प्रत्येक मेनू, प्रत्येक बटण दाबून पाहावे. हिडन-इम्पोर्टचे दोष खिडकी उघडली म्हणून बाहेर येत नाहीत, ते त्या बटणामागे वाट पाहत असतात.

अँटिव्हायरस आणि स्वाक्षरी

पायइन्स्टॉलरने केलेला निर्दोष प्रोग्रॅमही काही वेळा अँटिव्हायरस धोकादायक ठरवतो. पायइन्स्टॉलरसोबत येणारा तयार बूटलोडर सर्वांचा एकच असतो, दुष्ट प्रोग्रॅम लिहिणारेही तोच वापरतात, आणि त्याच्या ठशावरून आपला प्रोग्रॅमही संशयात सापडतो. स्वतःला उलगडून तात्पुरत्या फोल्डरमधून चालणारी एकच फाइल तर अधिकच संशयास्पद दिसते. फोल्डर-स्वरूप घेणे, यूपीएक्स टाळणे आणि बूटलोडर स्वतः कंपाइल करून घेणे यांनी हा त्रास बऱ्याच अंशी कमी होतो. तरीही राहिला, तर त्या अँटिव्हायरसच्या निर्मात्याकडे चुकीच्या शंकेची नोंद करता येते. वापरणाऱ्याला ‘अँटिव्हायरस बंद करा’ असे मात्र कधीही सांगू नये. आपल्या प्रोग्रॅमसाठी त्याचे संरक्षण उतरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

खरा उपाय डिजिटल स्वाक्षरीचा आहे. त्यासाठी कोड-साइनिंगचे प्रमाणपत्र लागते, आणि जून २०२३ पासून त्याची खासगी की सुरक्षित हार्डवेअर उपकरणातच ठेवण्याचे बंधन आहे. विंडोजवर ‘साइनटूल’ने एक्झिक्युटेबल आणि इन्स्टॉलर या दोन्हींवर स्वाक्षरी करावी, आणि तिच्यासोबत वेळेचा शिक्का अवश्य लावावा, तो नसल्यास प्रमाणपत्राची मुदत संपताच आधी केलेल्या स्वाक्षऱ्याही अग्राह्य ठरतात. मॅकवर हे आणखी कडक आहे. मॅकओएस १०.१५ पासून, ॲप स्टोअरबाहेर वाटलेला प्रोग्रॅम ॲपलकडून नोटराइज केलेला, म्हणजे तपासून मान्य केलेला, नसेल, तर गेटकीपर ही मॅकमधील सुरक्षा-व्यवस्था तो उघडण्यास नकार देते. मॅकसाठी ‘--विंडोड’सोबत फोल्डर-स्वरूपच वापरावे, म्हणजे नीट ‘.ॲप’ तयार होते.

गुपिते आणि परवाने

गाठोड्यातील बाइटकोड बाहेर काढून त्यावरून मूळ कोडच्या बराच जवळ जाता येते. पायइन्स्टॉलरमध्ये बाइटकोड कूटबद्ध करण्याची सोय होती, पण तिची किल्लीही गाठोड्यातच असल्याने तिचा उपयोग नव्हता, आणि आवृत्ती ६ मध्ये ती काढून टाकण्यात आली. पासवर्ड, सेवांच्या किल्ल्या, सर्व्हरची गुपिते कोडमध्ये ठेवू नयेत. परवान्यांच्या बाबतीत, पायइन्स्टॉलर जीपीएल (त्यावर आधारलेल्या प्रोग्रॅमचा कोडही खुला ठेवण्याची अट घालणारा परवाना) असला तरी त्यातील सवलतीमुळे त्याने बांधलेला प्रोग्रॅम कोणत्याही परवान्याखाली देता येतो. लायब्रऱ्यांचे परवाने मात्र लागू राहतात: पायक्यूटी जीपीएल किंवा व्यावसायिक परवान्याखाली मिळते, पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखाली मिळते. बंद कोडचा प्रोग्रॅम वाटायचा असेल तर हा फरक सुरुवातीलाच पाहावा.

इन्स्टॉलर आणि पुढच्या आवृत्त्या

विंडोजसाठी इनो सेटअप हे मोफत साधन पुरेसे आहे. त्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘डिस्ट’मधील संपूर्ण फोल्डर, शॉर्टकट आणि प्रोग्रॅमची स्थिर ओळख सांगणारा ‘ॲपआयडी’ द्यावा. तो एकदा ठरवला की बदलू नये, कारण त्याच्यावरूनच इन्स्टॉलरला जुनी आवृत्ती ओळखता येते. ‘प्रिव्हिलेजेसरिक्वायर्ड’चे मूल्य ‘लोएस्ट’ ठेवल्यास प्रशासकाच्या परवानगीशिवाय, त्या वापरकर्त्यापुरता प्रोग्रॅम बसतो. कार्यालयांतल्या यंत्रांवर याचा फार उपयोग होतो.

नवी आवृत्ती बसवताना जुना ‘_इंटर्नल’ फोल्डर आधी पुसला गेला पाहिजे. नव्या फाइली जुन्यांवर नुसत्या पसरवल्या, तर आता नको असलेल्या लायब्रऱ्या तेथेच राहतात, दोन आवृत्त्यांच्या फाइली एकमेकींत मिसळतात, आणि असे दोष येतात जे कोऱ्या यंत्रावर कधीच दिसत नाहीत. इनो सेटअपमध्ये यासाठी ‘इन्स्टॉलडिलीट’ हा विभाग आहे. त्यात केवळ ‘_इंटर्नल’चे नाव लिहावे. नोंदींचा डेटाबेस वापरणाऱ्याच्या डेटा-फोल्डरमध्ये असल्यामुळे त्याला या पुसण्याचा स्पर्शही होत नाही. प्रत्येक प्रकाशित आवृत्तीसोबत ‘पिप फ्रीझ’ने मिळणारी लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची यादी, पायथनची नेमकी आवृत्ती आणि स्पेक फाइल गिटमध्ये एका टॅगखाली जपावी. सहा महिन्यांनी एखाद्या जुन्या आवृत्तीविषयी तक्रार आली, तर त्या टॅगवरून त्याच लायब्रऱ्यांची, तीच बांधणी पुन्हा उभी करून दोष समोर पाहता येतो.